कासलबारमधलं खासी बारसं

सूड उगवायला वेळ लागतो, आणि आयर्लंडमध्ये माझ्यापाशी वेळेशिवाय दुसरं काहीच नव्हतं. बायको कासलबारच्या इस्पितळात लॅबची डॉक्टर म्हणून आली आणि मी तिच्यामागून डिपेंडंट म्हणून आलो. नागपुरात मी औषधांची एजन्सी चालवायचो आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकांत खलनायक व्हायचो. इथे दोन्ही धंदे बसले. मग मी लोकांच्या वाढदिवसांना, डोहाळजेवणांना स्वयंपाक करून द्यायला लागलो. हात चालू राहिले, चार ओळखी झाल्या. खलनायक मात्र आत उपाशीच होता.

त्याची सोय आमच्या भारतीय मंडळाच्या अध्यक्षांनी केली. त्यांना अध्यक्ष म्हणून कोणी निवडलं हे आजवर कुणाला आठवलेलं नाही. सॉफ्टवेअरमधले गृहस्थ, मूळचे आमच्याच बाजूचे, अकोल्याकडचे. पण पुण्यात शिकायला गेले आणि बोलणं असं घासूनपुसून आले की स्वतःच्या आईशीही ते बातम्या दिल्यासारखे बोलत. गणपतीला मी पहिल्यांदा मंडळाचा स्वयंपाक केला तेव्हा ते माइकवरून म्हणाले, "आजचा महाप्रसाद आमच्या शेफसाहेबांकडून. मिसेसनी आज त्यांना सुट्टी दिली आहे." हॉल हसला. मीही हसलो. पंगतीत त्यांच्या वरणभातावर मात्र माझ्या हातून तूप पडलं नाही. लहान सूड होता, पण सुरुवात कुठून तरी करावी लागते.

खरं वैर पुढे जुळलं, आणि ते त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोमुळे.

ती शिलाँगची खासी मुलगी. त्याच इस्पितळात नर्स. धाकटा भाऊ बंगळूरला नोकरीला असताना दोघांची गाठ पडली, लग्न झालं आणि दोघंही इथे आले. मी तिच्या घरी पहिल्यांदा डबा द्यायला गेलो तेव्हा तिने मला दारातच बसवलं आणि पानाचा तुकडा, चुना आणि ओली सुपारी हातावर ठेवली. "क्वाय," ती म्हणाली. "आमच्या घरी आलेल्याला आधी हे." मी नागपूरचा माणूस, पान मला काय शिकवणार, म्हणून सगळं एकदम तोंडात टाकलं. थोड्या वेळात कान तापले, कपाळाला घाम फुटला, समोरची भिंत हळूच पुढे सरकली. आमच्या मायो परगण्याच्या थंडीत मी स्वेटर काढून बसलो. ती तोंडावर हात ठेवून हसत होती. "दादा, आता तुम्ही आमच्या घरचे झालात," म्हणाली. तेव्हापासून मी तिचा दादा.

मग हळूहळू तिच्या घरचं कळत गेलं. मेघालयातली म्हणजे ख्रिश्चनच असणार असं इथे सगळे धरून चालत, आपलेही आणि आयरिशही. शेजारची आयरिश बाई तिला प्रेमाने दर रविवारी चर्चला न्यायला येई आणि ती दर रविवारी प्रेमाने नाही म्हणे. तिच्या दोन मावश्या चर्चमध्ये जात, त्यांच्याशी तिचं उत्तम जमे. पण तिचं घर जुन्या खासी धर्मातलं. देऊळ नाही, मूर्ती नाही. एक देव, घरची चूल आणि आईकडून आलेलं कूळ. मुलं आईच्या कुळाची. सगळ्यात धाकट्या मुलीकडे घर येतं आणि घराबरोबर घरचे विधीही. ही आईची एकुलती मुलगी, म्हणजे थोरलीही तीच आणि धाकटीही तीच. आई वारली तेव्हा ही इथे ड्यूटीवर होती. तेव्हापासून शिलाँगचं घर तिचा मामा तिच्या नावाने सांभाळून होता. तो म्हातारा झाला होता, आणि फोनवर तो दर वेळी एकच विचारी: पुढे कोण?

हे सगळं ऐकून मला मौज वाटली ती एका वेगळ्याच गोष्टीची. त्यांच्याकडे नवरा बायकोच्या घरी राहायला जातो आणि त्याला कुणी काही बोलत नाही. "म्हणजे मी तुमच्याकडे अगदी रीतीतला माणूस," मी म्हणालो. "हो," ती म्हणाली, "फक्त थोडं कमी बोललं पाहिजे."

आता अध्यक्षांचा गुन्हा सांगतो. मंडळाचा सांस्कृतिक कार्यक्रम होता, प्रत्येक राज्याचं एकेक नृत्य. अध्यक्षांनी हिला खासी नाच करायला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, वसंतातला तो नाच देवाचे आभार मानायला असतो आणि त्यात मुली नाचतात त्या लग्न न झालेल्या. माझं लग्न झालं. तुमच्या भावाशीच झालं."

"इथे कोणाला कळणार आहे?"

"माझ्या मामाला. मी त्याला फोनवर सगळं सांगते."

अध्यक्षांनी तिला यादीतून काढलं आणि नाच ठेवला. त्यांच्या पत्नीचा महिला ग्रुप सोनेरी पुठ्ठ्याचे मुकुट घालून उतरला. सगळ्या लग्न झालेल्या, त्यातली एक सातव्या महिन्यातली. मागे कुठलंसं ढोलाचं रेकॉर्डिंग. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आता मेघालयच्या ख्रिश्चन भगिनींचं आदिवासी नृत्य." ती प्रेक्षकांत बसली होती, स्वतःचं जैनसेम नेसून, खांद्यावर दोन पिना लावून नेसायचं ते रेशमी वस्त्र. नाच संपेपर्यंत तिने मान खाली घातली नाही. नंतर चहाच्या पिंपापाशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, मला ख्रिश्चन म्हणा, आदिवासी म्हणा, ठीक. त्या पोटातल्या बाळाला तरी कशाला नाचवलं?"

मी त्याच पिंपापाशी मनातल्या मनात शपथ घेतली. नाटकातल्यासारखी, मूठ आवळून. कुणी बघत नव्हतं याचं वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. इस्पितळातून घरी येते न येते तोच अध्यक्षांनी बारसं जाहीर केलं: हॉल, फुलांचा पाळणा, देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या डंडॉकपासून पाहुणे, स्वयंपाक माझा. नाव त्यांनीच ठरवलेलं होतं. संस्कृत, लांबलचक, अर्थ कळायला फोन उघडावा लागेल असं. ते इथे लिहीत नाही. ज्या नावाला माणूस मिळाला नाही त्याचे धिंडवडे कशाला काढायचे. पण तेव्हा ते नाव आडनावासकट कापडी फलकावर छापून आलंसुद्धा होतं.

ती बाळाला छातीशी बांधून माझ्या स्वयंपाकघरात आली. "दादा, माझ्या मुलीचं नाव आमच्या पद्धतीनेच ठेवायचं आहे. तसं झालं नाही तर ती आमच्या कुळात नीट येणार नाही. मग मामाने घर कोणासाठी धरून ठेवलं?"

"तुझा नवरा काय म्हणतो?"

"तो हो म्हणतो. घरात."

नवरा भला माणूस होता. फक्त थोरल्या भावासमोर त्याचा आवाज जाई, कारण शिकवलं थोरल्याने. तरी त्याने धीर करून विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "अरे, जरूर. पाळण्याआधी दोन मिनिटं ट्रायबल आयटम ठेवू. मी अँकरिंग करतो."

ट्रायबल आयटम हे शब्द तिने मला सांगितले तेव्हा मी कणीक मळत होतो. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या.

तिने मला विधी समजावला. तिच्या घरची रीत अशी: बापाच्या आईने तांदूळ कुटून पीठ करायचं. मुलगा असेल तर जवळ धनुष्यबाण ठेवतात, मुलगी असेल तर सुरी आणि ओझं वाहायचा कपाळपट्टा. मामा, म्हणजे बाळाच्या आईचा मामा किंवा भाऊ, देवाला साकडं घालतो. मग वाळलेल्या दुधीच्या तुंब्यातून तांदळाची आंबवण, म्हणजे आंबवलेल्या तांदळाचं पाणी, पिठावर ओतायची आणि एकेक नाव घ्यायचं. ज्या नावाला शेवटचा थेंब तुंब्याच्या तोंडाशी जास्त वेळ लटकून राहील, ते नाव बाळाचं.

आंबवणीची जबाबदारी मी घेतली. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात. आयरिश लोक त्यात टॉवेल वाळवतात, आपण इडलीचं पीठ फुगवतो. माझ्या हॉट प्रेसमध्ये बायकोच्या धुतलेल्या कोटांखाली तो तांदूळ आंबत राहिला. बायको दोन दिवस इस्पितळात गोडसर वासाची फिरली आणि तिने काही विचारलं नाही. मोठ्या मनाची आहे.

पण नुसत्या आंबवणीने माझं भागणार नव्हतं. मला अध्यक्ष हवे होते. मी म्हणालो, "त्यांना सगळ्यांसमोर स्टेजवर क्वाय देऊ. मोठा विडा. मोठेपणात चावतील आणि आडवे होतील."

"नाही."

"अगं, मजा येईल."

"क्वाय दिलं म्हणजे माणसाला घरचं मानलं. आमच्याकडे मेलेल्या माणसाबद्दलसुद्धा म्हणतात, तो देवाच्या दारी क्वाय खातोय. त्याने कोणाला पाडायचं नसतं, दादा."

मी दुसरी युक्ती काढली. तुंब्याच्या तोंडाला मधाचं बोट लावायचं. तिच्या नावाची पाळी आली की थेंब चिकटून बसेल.

"मग नाव तुमच्या मधाने ठेवलं. देवाला कशाला बोलवायचं?" ती म्हणाली. आणि वर सांगितलं की भाऊजींनी ठरवलेलं नावही ती त्यात घेणार. मामा म्हणाला होता, दोन्ही घरांतून आलेलं प्रत्येक नाव घ्यायचं, नाहीतर निवड कसली.

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "आणि थेंब त्याच नावाला थांबला तर?"

"तर तिचं नाव ते." असं म्हणताना तिचा चेहरा चांगला उतरला होता. ती बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मला ते पटत नव्हतं. माझा सूड तिच्या प्रामाणिकपणाने पार मोडीत काढला होता. तोंड पाडून मी कामाची वाटणी करायला घेतली. आजीने कुटायचं. बापाने सुरी आणि पट्टा धरायचा. मामा फोनवरून प्रार्थना करणार. "आणि बापाचा थोरला भाऊ? त्याचं काम काय?"

तिने विचार केला. छताकडे पाहून आठवलं. "त्याचं? काही नाही. जेवायचं."

"पुन्हा सांग."

"त्याने जेवायचं, दादा."

मी तिला तिसऱ्यांदाही विचारणार होतो. काय धर्म आहे, मला वाटलं. इथे काही खोटं करायची गरजच नव्हती. ही रीत फक्त पुरी करायची, एक कानाही न गाळता, आणि अध्यक्षांना मधोमध उभं करून ठेवायचं.

बारशाच्या दिवशी अध्यक्ष बंद गळ्याच्या कोटात आले. मी हॉलच्या जमिनीवर, स्टेजच्या खाली, चटई घातली होती. "हे खाली का?" त्यांनी विचारलं.

"रीत आहे साहेब. बसूनच करायचं."

"ठीक. माझी एन्ट्री कधी?"

"आधी तुमच्या आई तांदूळ कुटतील."

"आई? सगळ्यांसमोर?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अहो, ती काहीतरी बोलेल."

आई गावाहून आली होती, नातीला पाहायला. आल्यापासून अध्यक्षांनी तिला चारचौघांत गप्प राहायला सांगितलं होतं, कारण तिचं बोलणं पक्कं वऱ्हाडी. म्हातारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसे आणि माझ्याशी पोटभर बोले. तिला कुटायला मिळणार हे कळल्यावर तिने दगडी खल स्वतः धुऊन घेतला होता.

ती चटईवर बसली, पदर खोचला आणि सुरू झाली. हॉल बघत होता. मध्येच थांबून, कुणी विचारलं नसताना, ती म्हणाली, "कुटाले मले येते. बोलाले येत नाही म्हने माया पोरगा." पहिल्या रांगेतल्या बायका खुदकन हसल्या. अध्यक्षांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

मग खुर्चीवर टॅबलेट उभा केला आणि शिलाँगहून मामा आला. तिथे संध्याकाळ झाली होती. म्हातारा माणूस, अंगावर जाडसर रेशमी शाल, मागे चूल दिसत होती. त्याने डोळे मिटले आणि खासीत देवाशी बोलायला लागला, शांत, एका सुरात. बाळाची आई हात जोडून बसली.

"तर मंडळी," अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आता जी ट्रायबल प्रेयर आपण ऐकतो आहोत..."

मामा थांबला. डोळे उघडले, वाट पाहिली, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मध्ये कुणी बोललं तर प्रार्थना पहिल्यापासून, अशी त्याची रीत. मला हे ठाऊक होतं. अध्यक्षांनी विचारलं असतं तर मी नक्की सांगितलं असतं.

थोड्या वेळाने अध्यक्षांना राहवेना. "मेघालय हे राज्य..." मामा पुन्हा थांबला. पुन्हा पहिल्यापासून. आता लोकांच्या लक्षात आलं. जेवणाची वेळ झाली होती आणि मी मुद्दाम स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं होतं. मसालेभाताचा वास हॉलभर फिरत होता. तिसऱ्यांदा त्यांनी माइक तोंडाशी नेला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, बसा ना जरा." कुणी तरी "हो ना" म्हटलं. आणि त्यांची स्वतःची कॉलेजात जाणारी मुलगी, इथेच वाढलेली, वडिलांची बाही ओढून म्हणाली, "डॅड, यू आर ग्रँड. जस्ट सिट डाउन." इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, नुसतं 'ठीक आहे, पुरे'.

अध्यक्ष बसले. मी दारात उभा होतो. नागपूरच्या एकाही प्रयोगात मला असला क्षण मिळाला नव्हता.

मामाची प्रार्थना पुरी झाली. ज्या हाताने कुटलं त्याच हाताने ओतायचं, असं त्याने सांगितलं होतं, म्हणून तुंबा आजीच्या हातात आला. आधी थोरल्या मुलाने ठरवलेलं नाव. म्हातारीने ते लांबलचक नाव अगदी स्पष्ट उच्चारलं, तुंबा कलता केला, धार पडली, मग सरळ केला. थेंब तोंडाशी येता येताच पिठात पडला. टप्प. फलकाखालचे लोक नकळत वर फलकाकडे पाहू लागले.

दुसरं नाव बापाने सुचवलेलं. थेंब जरा रेंगाळला, मग गेला. बाळाच्या आईने ओठ घट्ट मिटून घेतले होते. तिसरं नाव तिच्या आईच्या घरातलं, मामाने धाडलेलं. आजीने ते घेतलं. धार थांबली. थेंब आला, फुगला, तुंब्याच्या ओठाला लोंबत राहिला. हॉलमध्ये कुणी खुर्ची हलवेना. मी मध लावला नव्हता, हे मी आजही कुणाही समोर सांगायला तयार आहे. थेंब तसाच राहिला. टॅबलेटमधला म्हातारा पुढे वाकून, चष्मा लावून बघत होता. मग कधीतरी तो पडला आणि बाळाची आई हसली की रडली हे मला नीट दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते. खलनायकांचेही भरतात.

अध्यक्ष उठले. "हे काही सायंटिफिक नाही. आईचा हात हलला."

"हालला असन," म्हातारी म्हणाली. "तुया नावापाशीच हालला."

हॉल असा हसला की माझा गणपतीचा हिशेब व्याजासकट चुकता झाला.

अध्यक्षांनी अजून एक प्रयत्न केला. चेहऱ्यावर हसू आणून भावाला म्हणाले, "बरं, नाव ते असू दे. आडनाव तर आपलंच ना."

धाकटा भाऊ उभा राहिला. विधीसाठी त्याच्या एका हातात कपाळपट्टा होता आणि दुसऱ्या हातात भलीमोठी सुरी. त्याला ते ध्यानातही नव्हतं. "कूळ तिच्या आईचं लागेल, दादा," तो म्हणाला. आवाज थोडा कापला, पण शेवटपर्यंत आला. हातात सुरी घेतलेल्या माणसाशी अध्यक्षांनी पुढे वाद घातला नाही.

ओलं पीठ बाळाच्या पायाला लावलं. शिलाँगच्या म्हाताऱ्याने स्वतःच्या चुलीकडे वळून काहीतरी म्हटलं. मी तिला विचारलं, काय म्हणाला. "माझ्या आईला सांगितलं," ती म्हणाली, "की आली म्हणून."

मग मामाने टॅबलेटमधून हॉलभर नजर फिरवली आणि तिला खासीत काही विचारलं. तिने उत्तर दिलं, आणि मला पाहताच तिला हसू आवरेना.

"काय गं?"

"विचारतो, तो कोटातला माणूस कोण. मी सांगितलं, मुलीच्या बापाचा थोरला भाऊ."

"मग?"

"म्हणाला, बरं, मग त्याला आधी वाढा. भूक लागली असेल त्याला."

मी पान मांडलं. पंगतीच्या पहिल्या जागेवर, जिथून सगळ्यांना दिसेल. अध्यक्षांना हाताला धरून आणलं, बसवलं, मसालेभात वाढला, आणि या वेळी वरणावर तूप घातलं, धार लांबवर ओढून, अगदी मनसोक्त. ते खाली पाहून बसले होते.

"साहेब, सुरू करा," मी म्हणालो. "सगळे तुमच्यासाठी थांबलेत."